अठ्ठ्याण्णव नंबरचं चौदा

"मॅडम, नाइन्टी-एट फिनिश," सेल्वराज म्हणाला आणि त्यानं लाडवासाठी हात पुढे केला.

चार दिवसांची रजा संपवून मी त्याच सकाळी कामावर आले होते. धाकट्या बहिणीचं लग्न अमरावतीला झालं. तिथले बुंदीचे लाडू डब्यात भरून आणले होते आणि शेडमधल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत चालले होते. सेल्वराज हा इंजिनं कापायला आलेल्या ठेकेदाराच्या टोळीचा मुकादम. तमिळ माणूस. हिंदी मोडकंतोडकं, मराठी अजिबात नाही, पण कामाला वाघ. त्याला लाडू दिला आणि सहज त्याच्या खांद्यावरून यार्डात पाहिलं.

यार्डातल्या शेवटच्या रुळावर दोन इंजिनं उभी असायची. आता एकच होतं. दुसऱ्याच्या जागी चाकं होती, नळ्यांचा ढीग होता, आणि इंजिनाच्या तोंडावरचं गोल दार गवतात उताणं पडलं होतं. दारावर पिवळ्या रंगानं काढलेलं कमळ होतं.

"सेल्वराज, हे कोणतं कापलं?"

"नाइन्टी-एट. आपने ही तो लिखा, चॉक से."

कमळ अठ्ठ्याण्णववर नव्हतं. कमळ चौदावर होतं. माझ्या हातातला डबा खाली पडला नाही, कारण तो मी घट्ट पोटाशी धरला होता. मी तिथेच रुळाच्या एका लाकडी स्लीपरवर बसले आणि डब्यातला एक लाडू खाऊन टाकला. का खाल्ला, ते आजही सांगता यायचं नाही.

हे सत्त्याऐंशी सालचं. सावळापूर जंक्शनच्या लोको शेडमध्ये मी स्टोअर क्लार्क होते. वडील याच शेडमध्ये फिटर होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. मी चोवीस वर्षांची. नोकरीत कायम व्हायला दीड महिना उरला होता. वाफेची इंजिनं बंद झाली होती, माणसं पलीकडच्या डिझेल शेडमध्ये गेली होती, आणि अकरा इंजिनं कापून वॅगनीत भरून रवाना झाली होती. राहिली होती दोन. अठ्ठ्याण्णव कापायचं होतं. चौदा ठेवायचं होतं, कायमचं, स्टेशनासमोर चौथरा बांधून.

चौदाला हा मान मिळाला तो नथ्थूजी तिडके यांच्यामुळे. नथ्थूजी एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली एकोणीस चौदावर, बाकीची अठ्ठ्याण्णववर. ते कमळही त्यांनीच काढलेलं. रिटायर झाल्यापासून दहा वर्षं ते अर्ज करत होते की चौदा मोडीत काढू नये. मोठ्या ऑफिसात त्यांच्या अर्जांची वेगळी फाइल होती म्हणतात. शेवटी कुणीतरी कंटाळून मंजुरी दिली.

आता खडूचं सांगते. इंजिनांच्या पितळी नंबरपाट्या चोरीला जायच्या, म्हणून त्या काढून माझ्या ताब्यात दिलेल्या होत्या. अंगावर रंगवलेले आकडे काजळीनं आणि गंजानं केव्हाच गिळले होते. रजेवर जाण्यापूर्वी फोरमनसाहेब म्हणाले, "दोन्ही इंजिनांवर नंबर टाकून जा, घोळ नको." मी खडू घेतला आणि टाकले. एकावर १४, दुसऱ्यावर ९८. हात मराठी शाळेत वळलेला, तो मराठीतच वळला.

"सेल्वराज, नीट बघून सांग. तुला काय दिसलं?"

त्यानं बोटानं हवेत काढून दाखवलं. आधी आमचा एक, मग आमचा चार. मी त्याच्या नजरेनं पाहिलं. इंग्रजीत ते स्वच्छ 98 होतं.

"आणि या दुसऱ्यावर?"

उभ्या असलेल्या इंजिनाकडे बघून त्यानं हात जोडले. "वो तो पूजा का निशान है ना, मॅडम? गणेशजी का सूँड. इसीलिए हमने हाथ नहीं लगाया."

लोको फोरमन अभ्यंकर साहेबांना मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांना रिटायर व्हायला दोन महिने राहिले होते. सदतीस वर्षांच्या नोकरीत एकही चौकशी लागली नाही, एवढी एकच गोष्ट ते अभिमानानं सांगायचे आणि रोज सांगायचे. माझं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"खंदारे बाई, कापायचा हुकूम कोणत्या इंजिनाचा होता?"

"अठ्ठ्याण्णवचा."

"मुकादमानं लिहून काय दिलंय?"

"अठ्ठ्याण्णव कापलं म्हणून."

"आणि चौदाची पाटी कुठे आहे?"

"माझ्या कपाटात. पण साहेब, चौदा कापलं गेलंय."

"असं कुठे लिहिलंय?" अभ्यंकर साहेबांनी विचारलं. "कागदावर काहीही चुकलेलं नाही. जे काही झालंय ते यार्डात झालंय."

"पण तिडके काका?"

साहेबांनी पुन्हा चष्मा काढला. यावर कागद नव्हता.

समारंभाला बारा दिवस होते. साहेबांनी मजीदभाईंना बोलावून दार लावून घेतलं. मजीदभाई शेडमधले सगळ्यात जुने मिस्त्री. दोन्ही इंजिनं एकाच बनावटीची, लांबून कुणाला फरक कळायचा नाही, पण अठ्ठ्याण्णवच्या डाव्या कुशीत एक मोठा पोचा होता. १९६९ साली त्यानं पाण्याच्या टाकीचा खांब आडवा केला होता त्याची खूण. इंजिन चौथऱ्यावर चढल्यावर मजीदभाईंनी त्या पोच्यात सात किलो लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. वरून काळा रंग, लाल पट्टा, चाकांना पांढरी कड. पितळी पाटी मी स्वतः चिंच लावून घासली आणि त्यांनी ती अठ्ठ्याण्णवच्या कपाळावर ठोकली.

"कमळ काढता येईल का?" मी विचारलं. चौदाचं दार भंगारासोबत केव्हाच वॅगनीत गेलं होतं.

"कमळ म्हणजे काय, फूल तर आहे," मजीदभाई म्हणाले. संध्याकाळी ते तयार झालं. चांगला ठसठशीत, गच्च पानांचा पत्ताकोबी झाला होता.

"साहेब, हे कमळ वाटत नाही."

अभ्यंकर साहेब लांब गेले, अजून लांब गेले, थेट रिक्षास्टँडपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडून म्हणाले, "इथून वाटतंय."

त्यांची सगळी योजना या 'इथून'वर उभी होती. तिडके दांपत्य मुलीकडे नागपूरला होतं, समारंभाच्या दिवशीच येणार होतं. साहेबांनी ठरवलं की नथ्थूजींना स्टेशनावरून मागच्या रस्त्यानं रिक्षात बसवून आणायचं, थेट स्टेजवर चढवायचं, इंजिनाकडे पाठ येईल अशी खुर्ची द्यायची, आणि गळ्यात एवढे हार घालायचे की मान वळता कामा नये. हार घालायचं काम माझ्याकडे होतं. मी सहा जाड हार सांगितले.

समारंभाच्या दिवशी नथ्थूजी रिक्षातून उतरले. उंच, सडपातळ, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. मागून अनुसयाकाकू, हातात ओवाळणीचं ताट. मी पहिला हार घातला, दुसरा घातला. तिसरा उचलेपर्यंत नथ्थूजी चालायला लागले होते. स्टेजकडे नाही, इंजिनाकडे. मी चार हार हातात घेऊन त्यांच्या मागे धावले. अभ्यंकर साहेब धापा टाकत माझ्या मागे. समारंभासाठी मोठ्या ऑफिसातून आलेले मोठे साहेब स्टेजवरून कौतुकानं बघत होते.

नथ्थूजी समोर उभे राहिले. कमळाकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या बाजूनं गेले आणि जिथे लांबी भरली होती तिथे बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज लोखंडाचा आला नाही. त्यांनी अभ्यंकर साहेबांकडे पाहिलं. साहेब आकाशाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हातातला एक हार स्वतःच्याच गळ्यात घातला.

ते वळले. शांतपणे स्टेजवर जाऊन बसले.

काकूंनी इंजिनाला ओवाळलं, भाषणं झाली. मोठे साहेब म्हणाले की आता श्री. तिडके यांनी आपल्या लाडक्या इंजिनाविषयी दोन शब्द बोलावेत. नथ्थूजी माइकपाशी आले. माझ्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा आला, मग नोकरीवरून काढल्याचा खाकी लिफाफा आला.

"या इंजिनाबद्दल मी काय बोलू," ते म्हणाले. "चौसष्ट साली यानं माझी अर्धी मिशी जाळली. डावीकडची. पुढे दोन महिने मला घरचे लोक एका बाजूनंच बघत होते."

लोक हसले.

"सदुसष्ट साली चढावर यानं पाच तास मला उभं केलं. मागं वऱ्हाडाची गाडी होती. नवरदेव खाली उतरून माझ्या पाया पडला, म्हणाला, बाबा, मुहूर्त चाललाय. मी म्हटलं, तू याच्या पाया पड. तो पडला. तरी हाललं नाही. एकाहत्तर साली कलेक्टरसाहेब बघायला आले तर यानं त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर अशी काही पिचकारी सोडली की साहेब झेब्र्यासारखे परत गेले. असं हे इंजिन आहे. सरकारनं याला आज चौथऱ्यावर बसवलं. मी एवढंच म्हणतो की याच्यासारखं दुसरं इंजिन माझ्या आयुष्यात आलं नाही, आणि ते एका परीनं बरंच झालं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. असं निखळ प्रेम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, असं ते नंतर अभ्यंकर साहेबांना म्हणाले.

चहाच्या वेळी नथ्थूजींनी मला खुणेनं बाजूला बोलावलं.

"तू खंदारे फिटरची पोरगी ना?"

"हो, काका. माझीच चूक आहे. खडूनं नंबर मी..."

"कधी कापलं?"

"बारा दिवस झाले."

त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला, परत उचलला. "त्रास नाही ना दिला कापताना?"

"नाही, काका. सेल्वराज म्हणत होता, सरळ कापलं गेलं."

"ते तसंच होतं. सरळ." त्यांनी चहा संपवला. "ऐक पोरी. झालं ते झालं, नोकरी सांभाळ. पण काकूला कळू देऊ नको. दहा वर्षं सगळे अर्ज तिनं लिहिले आहेत, माझं अक्षर काही वाचण्यासारखं नाही. तिला समजलं तर ती अन्न सोडेल. शप्पथ घे."

मी शपथ घेतली आणि नळावर तोंड धुवायला गेले. तोंड पुसते तर मागे अनुसयाकाकू उभ्या. हातातलं ओवाळणीचं ताट तसंच होतं, निरांजन विझलं होतं.

"हे चौदा नाही ना, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "पाटी आहे ना, काकू."

"पाटी आहे. पण डबा द्यायला मी वर्षानुवर्षं त्याच्या पायरीपाशी जायची. बाजूच्या दांड्याला आतून एक खाच होती, तिथं अंगठा ठेवून टाचा उंच करायची. आत्ता ओवाळताना हात घातला. खाच नाही."

मी त्यांच्यासमोरही कबुली दिली. काकांसमोर रडले नव्हते ती काकूंसमोर रडले. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले.

"रडू नको. पण एक कर, यांना सांगू नको. दहा वर्षं या इंजिनापायी जीव टाकला माणसानं. बीपी आहे. एवढं छान भाषण केलं बिचाऱ्यानं. शप्पथ घे."

पहिलीनंतर दहा मिनिटांतच, नळापाशी, मी दुसरी शपथ घेतली.

अभ्यंकर साहेब चौकशीविना रिटायर झाले. मी कायम झाले आणि डिझेल शेडच्या स्टोअरमध्ये गेले. पुढे माझं लग्न झालं, नवरा डिझेल शेडमध्येच होता. सगळं सुरळीत झालं असं म्हणता आलं असतं, पण इंजिनासमोर रेल्वेनं एक सिमेंटचा बाक टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाचला तिडके काका-काकू त्या बाकावर येऊन बसायला लागले. माझी सुटी साडेपाचलाच व्हायची. घरी जायचा रस्ता तिथूनच.

"ये गं, ये," काका हाक मारायचे. मी मध्ये बसायची.

काका चौदाच्या गोष्टी सांगायचे. समोर अठ्ठ्याण्णव उभं असल्यामुळे त्यांना आठवायचं ते अठ्ठ्याण्णवचंच, मग त्यातल्या शिव्या गाळून ते चौदाच्या नावावर खपवायचे. काकू डोळे मोठे करून ऐकायच्या. "खरंच?" म्हणायच्या. "मग तुम्ही काय केलं?" मग काका आणखी रंगवायचे, आणि अधूनमधून साक्षीदार म्हणून मला विचारायचे, "हो की नाही गं?" मी शाळेत असताना घडलेल्या घटनांना हो म्हणायची. एका बाजूनं काका माझ्याकडे बघून डोळा मारायचे, दुसऱ्या बाजूनं काकू कोपर मारायच्या. घरी गेल्यावर माझं डोकं दुखायचं.

एकदा बोलण्याच्या भरात काका म्हणाले, "मग त्या दिवशी अठ्ठ्याण्णवनं काय केलं..."

"चौदानं," काकू म्हणाल्या. शेंगांची टरफलं काढत, वर न बघता.

"हां, चौदानं," काका म्हणाले आणि पुढे सांगत राहिले.

मी दोघांकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, मलाच भास झाला असेल.

असं नऊ वर्षं चाललं. मग काका गेले, झोपेतच गेले. त्रास नाही झाला. दिवसकार्य आटोपल्यावर आठवड्याभरानं बघते तर साडेपाचला काकू बाकावर एकट्या. मी जाऊन बसले. मला वाटलं, आता एका शपथेतून तरी मोकळं व्हावं.

"काकू, एक सांगायचं राहिलंय. काकांना माहीत होतं, हे चौदा नाही ते."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "अगं, अठ्ठ्याण्णवला शिव्या घालतच तर ते घरी यायचे. मला सगळ्या शिव्या पाठ होत्या. भाषणात त्यांनी तेच सगळं सांगितलं, शिव्या तेवढ्या वगळल्या. मला कळलंय हे त्यांच्याही लक्षात आलंच असेल. ओवाळताना माझा हात थांबला होता, आणि स्टेजवरून ते माझ्याकडेच बघत होते."

"म्हणजे दोघांनाही सगळं ठाऊक होतं? मग नऊ वर्षं..." मला खरं म्हणजे राग आला होता. नऊ वर्षं माझं डोकं दुखलं होतं. "एकदा बोलून का नाही टाकलं?"

काकूंनी बाकावरची धूळ हातानं झटकली.

"बोलून टाकलं असतं तर मग दुसऱ्या दिवशी काय बोललो असतो? लग्नानंतर एकतीस वर्षं यांची ड्युटी. महिन्यातले वीस दिवस बाहेर, घरी आले की झोपलेले. रिटायर होऊन घरी बसले तेव्हा मला कळेना की या माणसाशी बोलायचं काय. दोघं समोरासमोर चहा प्यायचो आणि कपाकडे बघायचो. पंधरा दिवस तसे काढले. मग मीच म्हटलं, तुम्ही चौदासाठी अर्ज का नाही करत?"

"अर्ज तुम्ही सुरू केले?"

"मग. दुपारी कागद घेऊन बसायची. ते सांगायचे, मी लिहायची. एक एक अर्ज आठवडाभर पुरवला. हा शब्द नको, तो घाला, इथं चौदाचा तो प्रसंग टाका. मंजूर होऊ नये असंच वाटायचं मला. झाला, तेव्हा धसकाच बसला, की आता संपलं." त्या इंजिनाकडे बघून किंचित हसल्या. "तू घोळ घातलास, बाई, म्हणून नऊ वर्षं पुरलं."

मग त्यांनी विचारलं, "तुझा नवरा कुठे असतो या वेळी?"

"शेडमध्ये. सहाला सुटतो."

"मग घरी आल्यावर काय बोलता?"

मी विचार केला. "गॅस संपला का, ते."

काकू "हं" म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

पुढच्या सोमवारी मी शेडच्या दारात थांबून नवऱ्याला घेऊन आले. कशाला, म्हणून तो सारा रस्ता कुरकुरत होता. त्याचा सगळा जन्म डिझेलमध्ये गेलेला, वाफेच्या इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नाही. काकू बाकाच्या टोकाला सरकल्या. मी त्याला बसवलं आणि म्हटलं, "हे चौदा नंबर. आमच्या शेडचं सगळ्यात चांगलं इंजिन."

त्यानं इंजिनाकडे पाहिलं. चाकांकडे पाहिलं, मग वर.

"आणि तोंडावर पत्ताकोबी का काढलाय?" त्यानं विचारलं.

काकू दुसरीकडेच बघत राहिल्या. मी पर्स बाजूला ठेवली, पाय वर घेतले आणि त्याला सांगायला लागले. त्या दिवशी घरी जायला आम्हाला आठ वाजले.